कोयंडा

रविवार पेठेत हंजीअण्णांच्या दुकानात
मी खिशातून लोहचुंबक काढतो
तेव्हा ते हसतात.
माझे वडील मोनाप्पा याच काउंटरवर हेच करायचे,
आणि हंजीअण्णांचे वडील असेच हसायचे.

पहिली बिजागरी टपकन चिकटते.
आत लोखंड, वर पितळेची पावडर लावून बसलेलं.
दुसरी चिकटत नाही, खरं हातात हलकी,
उपाशी पोरासारखी.
तिसरी जड. कडेला साच्याची शिवण तशीच,
कानस मारायची राहून गेलेली.
ती मी बाजूला ठेवतो. अशा तीन लागतील.
ते म्हणतात हित्ताळे, मी म्हणतो पितळ,
बिजागरीला मात्र दोघंही बिजागरीच म्हणतो.
घासाघीस निम्मी कानडीत, निम्मी मराठीत,
आकडे कानडीतच,
त्यात मी लवकर हरतो.

पेटी फणसाची.
खानापुरात माळ्यावर पाच वर्षं वाळलेल्या फळ्या,
आत्ता आंबेहळदीसारख्या पिवळ्या,
सातूबाईंच्या नाती म्हाताऱ्या होतील तेव्हा
गुळाच्या रंगावर येतील.
त्यावर पिंपळपानाची पट्टी, चौकटीला पितळी फुल्या,
मी सगळं कागदावर काढून आणलं होतं.

सातूबाई कामकर वडगावातून रिक्षाने आल्या.
चाळीस वर्षं माग चालवला,
आता डोळ्यांना फक्त खिडक्या दिसतात.
माझा कागद त्यांनी हातात घेतला, चाचपला,
परत दिला.
मग स्टुलावर बसून एकेका खोक्यात हात घातला,
तुटलेला धागा शोधावा तसा.
पितळ झालं. पॉलिशचं झालं.
काउंटरखाली तेलकट गोणपाटावर
त्यांचा हात थांबला.

"हे घाल."

अंगठ्याएवढ्या जाड सळीचा काळा कडी-कोयंडा.
"सातूबाई, हे गोठ्याला लावतात."
"मग? म्हशीला चालतंय, मला का नको?"
त्यांनी कडी उचलून सोडली.
खण्.
हंजीअण्णांचं पेन पावतीवर थांबलं.
"हां. कुठल्याबी खोलीत ऐकू येतंय.
माझ्या साड्या कोण काढूलालंय, मला कळाय पाहिजे."
मी म्हटलं, पितळेशेजारी बरं दिसणार नाही,
पावसाळ्यात गंज धरेल.
"गंज मला दिसत न्हाई," त्या म्हणाल्या,
आणि रिक्षावाल्याला हाक मारली.

रात्री मी बिजागऱ्या बसवल्या.
पितळी स्क्रू मऊ, आधी लोखंडी फिरवून वाट करायची,
तो काढायचा, पितळीला साबण चोळायचा, मग हळूहळू.
सगळ्या खाचा उभ्या, एका रेषेत.
हे कुणी बघत नाही. वडील बघायचे.
कोयंड्याला स्क्रू पुरले नाहीत.
आरपार खिळे घालून आतून वळवावे लागले,
टोकं घासली, वर कापडाची पट्टी डकवली,
रेशमाला कुठं ओढ बसायला नको.
कडी आपटते तिथे चामड्याचा तुकडा ठेवावा,
असं एकदा वाटलं.
कापलाही होता.
नाही ठेवला.

महिन्याभराने उरलेल्या पैशांसाठी गेलो.
सातूबाई सोप्यात बसून
कुठल्या तरी लग्नाचं सांगत होत्या,
किती जोड विणले, कुणी बुडवले.
आतून आवाज आला.
खण् नव्हे. खप्प, असा काहीसा,
तोंडावर हात ठेवून खोकल्यासारखा.
त्या बोलता बोलता थांबल्या.
"धाकटी," म्हणाल्या.
"पदर गुंडाळून उघडूलालीय."
मग बराच वेळ नुसत्याच हसल्या,
आणि आत ओरडून सांगितलं,
सुतार आलाय, च्या टाक,
आणि ती मोरपंखी नेस की,
तुलाच ठेवलीय.